मूळ प्रतीबरहुकूम

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. या यादीत 'इंजिन पाहावे जोडून' हे तिसरे कलम त्यांनी घातले नाही, याचे कारण एवढेच की त्यांच्या काळी ते खोक्यात मिळत नसे. पहिली दोन कलमे मी पार पाडली आहेत. पैकी एकाचे हप्ते पगारातून कापले जातात आणि दुसऱ्याचे मी समक्ष भरतो. तिसरे कलम गेल्या दिवाळीपासून चालू आहे. अनुभवाने सांगतो, पहिल्या दोहोंत मिळून जेवढे तत्त्वज्ञान कळते त्याहून अधिक या तिसऱ्यात कळते. शिवाय याला सासुरवाडी नसते.

आता अमडापूर आणि रेल्वे यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध काही नाही. चिखली तालुक्यातले हे आमचे गाव. टेकडीवर बल्लाळदेवी आहे, खाली बाजार आहे, बँक आहे, बँकेत मी आहे. रेल्वे तेवढी नाही. तसे आमच्या जिल्ह्यात खामगावला आगगाडी 1870 सालीच आली. जलंबहून खामगावपर्यंतचा तेराएक किलोमीटरचा तो फाटा, वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जावा म्हणून घातलेला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला जातीने हजर होते. कापूस गेला, व्हाइसरॉय गेले, इंग्रजही गेले, पण गाडी काही खामगावच्या पुढे सरकली नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याची सर्वेक्षणे झाली, नकाशे झाले, अंदाजपत्रके झाली, निवेदने तर किती झाली ते देवीलाच ठाऊक. हा मजकूर लिहीपर्यंत रूळ मात्र आलेले नाहीत. म्हणजे ज्याच्या प्रती ढीगभर आहेत पण मूळ अद्याप नाही, असा हा दुर्मिळ दस्तऐवज आहे. आमच्या काउंटरवर असे प्रकरण आले असते तर मी ते आल्या पावली परत केले असते.

माझे इंजिनाचे वेड आजोळचे. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीला सारा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणतो. तिचे वाफेचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला बांधलेले. ते 1923 पासून राबले आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षांची सलग नोकरी! आम्हाला साठाव्या वर्षी नारळ देतात आणि त्यातही शेवटची पाच वर्षे आम्ही धूरच काढत असतो. पुढे डिझेल आले, आणि पुढे ती गाडीच बंद पडली. पण शाळेच्या सुट्टीत पाहिलेला तो काळा देह, त्याच्या पोटातला जाळ आणि डब्यातून उतरल्यावर कानात निघणारी कोळशाची कणी या तिन्ही गोष्टी माझ्याकडे मुदत ठेवीसारख्या राहिल्या.

ती ठेव भाच्याने मोडली. इंग्लंडहून येताना त्याने एक खोका आणला आणि म्हणाला, "मामा, खास तुमच्यासाठी." मी मोठ्या आशेने उघडला. आत इंजिन नव्हते. आत इंजिनाची शक्यता होती. पोस्टाच्या तिकिटांसारखे एकमेकांना चिकटलेले, आम्लाने कोरलेले पितळी भाग. शिसे-कथलाच्या ओतीव नगांच्या पुड्या. तारेची भेंडोळी, सहा मोठी चाके, सहा लहान चाके, सुपारीएवढी मोटर आणि बत्तीस पानांची पुस्तिका. आमच्या हिने तो सगळा पसारा पाहिला आणि शांतपणे विचारले, "अहो, तयार नव्हतं का मिळत?"

हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा साधा नाही. तो घर बांधणाऱ्यालाही विचारता येतो आणि मोक्षाच्या मागे लागलेल्यालाही. मी उत्तर दिले नाही. तिनेही वाट पाहिली नाही. "मिक्सर सहा महिने बंद आहे," एवढीच नोंद करून ती आत गेली.

खोक्यातले इंजिन इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड नावाच्या चिमुकल्या रेल्वेचे. आता लांबून आलेल्या पाहुण्याचे कूळ विचारावे तसे मी याचे विचारत गेलो, तर ते थेट सोलापूर जिल्ह्यात निघाले! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ. हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने तिथे सिद्ध केले आणि तेच ज्ञान मायदेशी वापरले. 1904 साली लीकची गाडी सुरू झाली, तीही अडीच फुटी. तिची दोन इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. बार्शीची पहिली इंजिनेही तिचीच. दोहोंपैकी एकाचे नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप'. त्याच्या कपाळावर परातीएवढा दिवा. जणू इंग्लंडच्या त्या हिरव्यागार दरीत रात्री रानडुकरे आडवी येणार आहेत. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, हे शाळेत सगळेच शिकतात. बार्शीने त्यांना एक परत दिली, हे कोणी शिकवत नाही. ती 1934 साली बंद पडली, हा भाग वेगळा. परतफेड ही परतफेड.

तर असे हे घरचेच इंजिन मी जोडायला घेतले, आणि पहिल्याच रविवारी माझ्यातला बँक कारकून जागा झाला. आम्हा लोकांना जगात दोनच वस्तू दिसतात: मूळ प्रत आणि सत्यप्रत. गेली वीस वर्षे मी 'मूळ प्रतीबरहुकूम' हे शब्द वाचत आलो आहे. मग हे इंजिन कशाची सत्यप्रत?

प्रमाण 1:76. पुस्तिकेत लिहिले होते की सर्व मापे मुळाच्या शहात्तराव्या हिश्शाने. बी.कॉम. माणसाला असे वाक्य पचत नाही. तो आधी बेरीज तपासतो. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याचा शहात्तरावा हिस्सा दहा मिलिमीटर. पण चाके बसतात ती नऊ मिलिमीटरच्या रुळांवर! कारण असे की त्या मापाचे रूळ आणि यंत्रे दुसऱ्या एका प्रमाणाच्या गाड्यांसाठी बाजारात आयतीच मिळत होती. सबब, एक मिलिमीटर गिळंकृत. आणि हे छोट्या रुळांचेच नाही. इंग्लंडातल्या मोठ्या गाड्यांची नमुनेदार इंजिने याच प्रमाणात साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. खरे अंतर यायला हवे 18.83. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी मिळून हे सव्वादोन मिलिमीटरचे खोटे सांभाळले आहे. आपल्याकडची ब्रॉडगेज इंजिने 1:87 प्रमाणात करणारेही ती त्याच साडेसोळाच्या रुळांवर चालवतात; तिथे तर पावणेतीन मिलिमीटर जातात. पुण्याला कर्वे रस्त्याच्या बाजूला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, 1998 साली सुरू झालेले. तिथे गाड्या पाहताना एकाही पोराच्या चेहऱ्यावर त्या मिलिमीटरांचे दुःख मला दिसले नाही.

अर्थात दुःख करणारेही आहेत. 18.83 म्हणजे 18.83, असे मानणारा एक कडवा पंथ इंग्लंडात आहे. तो रूळ स्वतः घडवतो, चाके स्वतः कातून घेतो. 18.2 वर तडजोड करणारा मधला पंथ आहे. आणि साडेसोळावर सुखाने नांदणारा तुमच्याआमच्यासारखा प्रापंचिकांचा बहुजन समाज आहे. कडवे लोक इंजिनावरचे रिव्हेट मोजतात. रिव्हेट म्हणजे आपला मिस्त्री ज्याला रिपीट म्हणतो ते. पितळी पत्र्याच्या मागून सुईसारख्या टोच्याने एकेक ठोकून त्याचा फुगवटा पुढे आणायचा असतो. एका टाकीवर मी शंभराच्या पुढे मोजले, तेव्हा ही जेवायला बोलवत होती, आणि हात थांबवून चालणार नव्हते. नोटा मोजताना मध्येच कोणी हाक मारली तर जी अवस्था होते ती.

रिव्हेट सगळे आले म्हणजे सत्यप्रत झाली का? तर नाही. खरा पत्रा दहा मिलिमीटर जाड धरला तर माझा हवा 0.13, प्रत्यक्षात तो त्याच्या दुप्पट. लांबी शहात्तरपट कमी झाली की घनफळ कमी होते शहात्तर गुणिले शहात्तर गुणिले शहात्तर, म्हणजे 4,38,976 पट. ज्या टाकीत दोन हजार लिटर पाणी मावेल तिच्या नमुन्यात मावणार चमचाभर. तेवढ्या पाण्याची वाफ करून गाडी ओढायची म्हटली तर शहात्तराव्या हिश्शाचा अग्नी लागेल, आणि अग्निदेवता अशी चिल्लर देत नाही. म्हणून पोटात मोटर. बाहेरून वाफ, आतून वीज. सार्वजनिक जीवनातही हे आढळते, पण त्यात आपण शिरायला नको.

बरे, हुबेहूब करायचेच म्हटले तर कोणत्या दिवशीचे? कारखान्यातून निघाले तेव्हाचे, की तीस वर्षांनी भंगारात निघाले तेव्हाचे? वाफेचे इंजिन म्हणजे काही पुतळा नव्हे. त्याचा बॉयलर बदलतो, चाकांचे पाटे बदलतात, नळ्या बदलतात. ग्रीक राजा मिलिंदाला भिक्खू नागसेनाने विचारले होते की तुझा रथ म्हणजे नेमके काय, त्याचे चाक की आस की जू? राजाला एकाही भागावर बोट ठेवता आले नाही. रथ हे त्या सगळ्याच्या एकत्र येण्याला दिलेले नाव, एवढेच शेवटी निघाले. माझ्यापुढे टेबलावर एकशे चाळीस तुकडे पडलेले असताना मला हा संवाद अगदी पटला. राजाच्या रथाचा निदान एकही तुकडा गालिच्यात हरवला नव्हता.

हुबेहूबपणाचे टोक लुइस कॅरलने 1893 सालच्या एका पुस्तकात गाठले आहे. त्यातल्या देशात मैलाला मैल अशा प्रमाणाचा नकाशा तयार होतो. पण तो कधी उलगडला जात नाही, कारण शेतकरी हरकत घेतात: साऱ्या मुलखावर कागद पसरला तर पिकांना ऊन कुठून मिळणार? शेवटी ते लोक देशच नकाशा म्हणून वापरतात. आमच्याकडे सोयाबीनच्या दिवसांत असा नकाशा कोणी आणला असता तर हरकतीवर भागले नसते.

तेव्हा प्रत म्हटली की काहीतरी सुटणारच. प्रश्न एवढाच की काय सोडायचे, आणि सोडल्याचे सांगायचे की नाही. बँकेच्या हिशेबात दोन बाजू जुळल्या नाहीत तर फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. नवशिक्याला ते खाते बदनाम वाटते. मला ते सगळ्यांत प्रामाणिक खाते वाटते. ते उघड सांगते की इतके रुपये इतके पैसे मला समजलेले नाहीत. फरक असणे हा गुन्हा नाही. फरक जिरवणे हा गुन्हा. लबाड माणसाच्या वहीत सस्पेन्स खाते कधीच नसते. तिथे सगळे पैशाला पैसा जुळलेले असते.

इतपत तत्त्वज्ञान झाले आणि मी पुस्तिकेच्या एकोणतिसाव्या पानावर अडलो. इंजिनाच्या खोलीतली मागची भिंत: भट्टीचे दार, वाफेचा दांडा, आणि बॉयलरमधले पाणी दाखवणारी काचेची नळी. सगळे मिळून बोटाच्या नखाएवढे. ते रंगवायचे, बसवायचे आणि मग वरून छप्पर डाखाने पक्के करायचे. छप्पर बसले की यातले काही म्हणजे काहीही दिसत नाही. खऱ्या इंजिनात ती नळी म्हणजे जीव की प्राण. पाणी तिच्या तळाखाली गेले तर भट्टीचे छत उघडे पडून तापते आणि बॉयलर फुटू शकतो. माझ्या इंजिनात पाणीच नाही. मग जे मोजायला काही नाही आणि जे पाहायला कोणी नाही, ते केसाच्या कुंचल्याने तीन रविवार का रंगवायचे? 'कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो' हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न. फक्त तो मला काचनळीच्या रूपाने पडेल, असे वाटले नव्हते.

याच सुमारास नोव्हेंबर आला. बँकेतला नोव्हेंबर हा पितृपंधरवड्याच्या उलट असतो. त्यात वडीलधारी मंडळी आपण जिवंत असल्याचे सांगायला येतात. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. एक आजोबा आले. रेल्वेतले निवृत्त गँगमन. उभा जन्म रुळांच्या चाव्या ठोकण्यात गेलेला. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणाले, जुळत नाही. दुसरा अंगठा ठेवला, तर्जनी ठेवली, रुमालाने पुसून ठेवली. रेषाच उरल्या नव्हत्या. घण आणि पहार यांनी त्या केव्हाच उचलून नेल्या होत्या. मी म्हटले, "आजोबा, दाखला निघत नाही हो."

आजोबा म्हणाले, "साहेब, मी तं तुमच्या म्होरंच उभा हाय ना. मंग मी जित्ता हाय हे त्या डब्बीले कायले इचारता?"

याला नियमांत उत्तर आहे, पण ते मला तोंडातून काढवेना. मूळ प्रत काउंटरच्या पलीकडे धाप टाकत उभी होती आणि मी तिच्याकडे तिचीच सत्यप्रत मागत होतो. प्रत जुळत नव्हती म्हणून मूळ खोटे ठरत होते. आणि गंमत म्हणजे जिथे प्रत जुळत नव्हती, तिथेच माणूस सगळ्यांत खरा होता. तो अंगठा हीच त्याची चाळीस वर्षांची नोकरी होती. सुदैवाने चेहरा पाहून हयातीची ओळख पटवण्याची सोय सरकारने 2021 साली आणली आहे. मोबाइल आजोबांच्या तोंडासमोर धरला, त्यांनी डोळे मिचकावले, आणि ते अधिकृतपणे जिवंत झाले. माणूस चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय माझ्या आजीकडे 2021 च्या आधीपासून होती, पण तिचे ओटीपी येत नसे.

मोबाइल हातात होताच, म्हणून मी त्यांना माझ्या इंजिनाचा फोटो दाखवला. म्हटले, जाणकार माणूस आहे, रिव्हेट पाहून खूश होईल. त्यांनी फोटो जवळ नेला, लांब नेला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "लय झ्याक हाय. पण साहेब, याच्यात डायवर कुठं हाय?"

ड्रायव्हर होता. एका पुडीत होता, फायरमनसोबत. पुस्तिकेत त्यांच्यापुढे 'इच्छेनुसार' असे लिहिले होते. कडव्या पंथाला ही माणसे आवडत नाहीत. म्हणतात, इंजिन पळते आणि फायरमन सारा प्रवास फावडे उगारून एकाच पायावर उभा राहतो, ते खोटे दिसते. खरेच आहे. पण एकेक रिव्हेट आहे आणि माणूस नाही, यात खोटेपणा दिसायला एक गँगमन यावा लागला. तशा सर्व कागदांनी परिपूर्ण आणि आत कोणी नसलेल्या फायली मी रोज पाहतो. त्यांना आम्ही 'प्रकरण पूर्ण' असे म्हणतो.

त्या रविवारी मी काचनळी रंगवली. आतले पाणी अर्ध्यावर दाखवले. अर्धे हा सुरक्षित आकडा आहे, पेन्शनीतही आणि बॉयलरमध्येही. मग ड्रायव्हरला असा उभा केला की त्याची नजर बरोबर त्या नळीवर पडावी. पाहायला कोणी नाही, हा माझा मुद्दाच मग निकालात निघाला. पाहणारा आत आहे. माझ्यासाठी ती नखाएवढी शोभा असेल. त्याच्या जागेवरून ती सबंध गाडीची जबाबदारी आहे. बाहेरच्यासाठी केलेले काम हे सजावट, आणि आतल्यासाठी केलेले काम हे काम, एवढा फरक मला कळला. दोन्ही करावीत, फक्त दुसऱ्याचे बिल पहिल्याच्या नावावर फाडू नये. फायरमनलाही बसवले. तो फावडे उगारून उभा आहे. राहो बिचारा, आमच्या कचेरीतही असे दोघे आहेत.

छप्पर बसवले, डाख दिला. मग इंजिन उलटे केले आणि खालच्या पट्टीवर, जिथे कोणाचीच नजर जाणार नाही, बारीक अक्षरांत लिहिले: 'रुळांचे अंतर एक मिलिमीटर कमी. पत्रा दुप्पट जाड. पाणी रंगवलेले. वाफ नाही. फायरमन दमलेला नाही. बाकी मूळ प्रतीबरहुकूम.' खाली सही केली, तारीख घातली.

आमच्या हिने भिंग लावून ते वाचले आणि म्हणाली, "याला राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागत नाही का?"

मी म्हटले, "हल्ली स्वयंसाक्षांकित चालते."

"मग मिक्सरवरही तसंच लिहा," ती म्हणाली, "पाते फिरत नाही, बाकी मूळ प्रतीबरहुकूम."